आलापल्लीचं पाणी

आलापल्लीचं नाव निघालं की बोलणं सागवानावर जातं, आणि ते साहजिकच आहे. २०२३ साली चंद्रपूर-गडचिरोलीच्या जंगलातलं सागवान बल्लारपूरच्या डेपोतून अयोध्येच्या राममंदिरासाठी वाजतगाजत रवाना झालं, तेव्हा या मुलखाचं नाव महाराष्ट्रभर पोचलं. लाकडाच्या जाणकारांना मात्र ते कितीतरी आधीपासून ठाऊक होतं. मला या गावाकडे ओढलं ते पाण्याने. नकाशात आलापल्लीवर बोट ठेवलं की पश्चिमेला अहेरीच्या अंगाने वाहणारी प्राणहिता दिसते, पूर्वेला भामरागडच्या पलीकडून येणारी इंद्रावती, आणि खाली सिरोंच्याजवळ गोदावरी. या तीन नद्यांच्या मधल्या जंगलात ओढे, नाले, बोड्या आणि तलाव विखुरलेले आहेत. जिथं इतकं पाणी, तिथं मासोळी आणि ती धरणारा माणूस असणारच. त्या माणसांबरोबर काही दिवस काठावर घालवायचे, एवढं ठरवून मी ऑक्टोबरात, पाऊस ओसरल्यावर निघालो.

सोबत माझी काठी होती. मी गळाने मासे धरतो, पण आमिष लावत नाही. आकड्याला पिसं, केस, रंगीत दोरा गुंडाळून त्याची माशी करायची, नाकतोडा करायचा, कधी बेडूक करायचा, आणि तो पाण्यावर असा उतरवायचा की माशाला जिवंत वाटावा. या बनावट माशीला वजन नसतं, त्यामुळे ती नुसती भिरकावून लांब जात नाही. वजन असतं ते काठीला लावलेल्या जाड दोरीला. काठी मागेपुढे झुलवत दोरी हवेत उलगडायची, आणि तिच्या शेवटच्या वेढ्यातून माशी अलगद पुढे जाऊन पाण्याला टेकते. याला फ्लाय फिशिंग म्हणतात. रोमन काळातल्या ईलियन नावाच्या लेखकाने मॅसिडोनियातले लोक आकड्याला लाल लोकर आणि पिसं बांधून मासे धरतात, असं लिहून ठेवलं आहे. इतकी ही विद्या जुनी. आपल्याकडे ती साहेबांबरोबर आली. मद्रास इलाख्यातले सनदी अधिकारी हेन्री सलिव्हन थॉमस यांनी १८७३ साली ‘द रॉड इन इंडिया’ हे पुस्तक लिहिलं, आणि गळाचा छंद असलेली माणसं आजही ते शोधून वाचतात.

मुंबईत पवईच्या तलावावर गळ टाकणाऱ्यांची जुनी संघटना आहे. त्या वर्तुळातल्या काही मंडळींकडून मी काठी धरायला शिकलो, आणि मग आम्ही कोकणातल्या खाड्यांवर जाऊ लागलो. खाडीत सगळं भरती-ओहोटीवर चालतं. ओहोटी लागली की कांदळवनाच्या मुळांतून बारीक मासा बाहेर पडतो, आणि तोंडाशी जिताडा नाहीतर तांबोशी वाट बघत असते. पाणी कुठून वळतं, कुठं थांबतं, कुठं दोन प्रवाह एकमेकांना घासतात, हे पाहायची सवय मला खाडीने लावली. आलापल्लीला जाताना हीच सवय माझी शिदोरी होती.

बल्लारशाहला रेल्वेतून उतरून गोंडपिंपरीमार्गे आष्टीकडे निघालं की वैनगंगेवरचा मोठा पूल लागतो. पूल ओलांडला की गडचिरोली जिल्हा. इथून थोडं खाली चपराळ्याजवळ वर्धा आणि वैनगंगा एकत्र येतात, आणि पुढच्या नदीला प्राणहिता म्हणतात. अवघी ११३ किलोमीटर लांबीची ही नदी, पण गोदावरीला मिळणाऱ्या नद्यांत पाणलोटाने सगळ्यांत मोठी, कारण वर्धा, वैनगंगा आणि पैनगंगा या तिघींचं पाणी तिच्यात आहे. विदर्भात पडलेला बहुतेक पाऊस शेवटी प्राणहितेतून जातो. संगमाच्या आसपासचा बराचसा भाग चपराळा अभयारण्यात येतो. तिथं गळ टाकायला मनाई आहे, आणि असायलाच हवी. मी काठावर उभं राहून दोन पाण्यांचे वेगळे रंग पाहिले आणि पुढे निघालो. आष्टी ते आलापल्ली या रस्त्यावर आता लोहखनिजाच्या ट्रकांची रांग संपत नाही. सुरजागडच्या डोंगरातून निघालेली लाल माती रस्त्याकडेच्या सागाच्या पानांवर बसलेली असते. पावसात ती धुऊन नाल्यात जाते आणि नाल्यातून नदीत. गळ टाकणाऱ्या माणसाची नजर आपसूक अशा गोष्टींवर जाते, कारण गढूळ पाण्यात माशी दिसत नाही आणि अंड्यांवर गाळ बसला की पिल्लं निघत नाहीत.

आलापल्लीत मला भेटायचं होतं ते मच्छीमार सहकारी संस्थेच्या लोकांना. शहरात आम्ही ज्याला क्लब म्हणतो, तो इथं संस्थेच्या रूपात आहे. तलाव ठेक्याने घ्यायचा, पावसाळ्यात बोटुकली सोडायची, राखण करायची आणि हिवाळ्या-उन्हाळ्यात जाळं टाकून विक्री वाटून घ्यायची. सभासद बहुतेक ढिवर समाजाचे. एका ओळखीच्या शिक्षकांनी गाठ घालून दिली. संस्थेच्या सचिवांनी माझी काठी, रीळ आणि माश्यांची डबी नीट उघडून पाहिली, तलावावर गळ टाकायची परवानगी दिली, आणि सोबतीला साठीच्या पुढचे एक गृहस्थ दिले. त्यांना सगळे मामा म्हणत, मीही म्हणू लागलो. ते मला भाऊ म्हणत.

तलाव जुना होता. पूर्व विदर्भात मालगुजारांच्या काळात बांधलेले असे तलाव हजारोंनी आहेत. लोक त्यांना मामा तलाव म्हणतात, म्हणजे माजी मालगुजारी. मातीची लांब पाळ, पाणी सोडायला पायऱ्यापायऱ्यांचं तुडुम, वरच्या अंगाला जंगलातून येणारा येवा आणि खालच्या अंगाला धानाच्या बांध्या. ऑक्टोबरात लोंबी भरत आलेली होती, आणि पाळीवरून चालताना एका हाताला हिरवंपिवळं धान, दुसऱ्या हाताला कमळाच्या पानांनी झाकलेलं पाणी. मामा पुढे चालत होते. मध्येच थांबून ते पाण्याकडे नुसतं पाहत, काही न बोलता पुढे जात. मी विचारलं, काय पाहता?

“फुगे पाहतो जी. मरळ वर येते ना, हवा घ्यायले.”

मरळीला पाण्यातला प्राणवायू पुरत नाही. तिच्या डोक्यात कल्ल्यांच्या वर एक पोकळी असते, तिच्यात हवा भरून घ्यायला तिला थोड्या थोड्या वेळाने वर यावंच लागतं. म्हणून ती आटत्या तलावाच्या चिखलातही तगते, आणि बाजारात टोपलीत जिवंत विकली जाते. गळवाल्यासाठीही हीच तिची खूण. वर येऊन हवा घेतली की पाण्यावर एक हलका धक्का उमटतो आणि कमळाचं पान कडेने उचललं जातं. मामांनी एका कोपऱ्यात बोट दाखवलं. मी डबीतून बेडूक काढला. हरणाच्या केसांसारख्या पोकळ धाग्याचा, पाण्यावर तरंगणारा, आकड्याच्या टोकापुढे बारीक तार लावलेला, म्हणजे तो वेलीत अडकत नाही. दोरी उलगडली, बेडूक पानाच्या कडेला पडला. दोन झटके दिले. पान हाललं, आणि जिथं बेडूक होता तिथं खळगा पडला.

तो झटका हातात कसा येतो हे शब्दांत मांडता येत नाही. मरळ पळत नाही, ती खाली बुडी मारून मुळांत शिरू पाहते. काठी वाकली, दोरी कमळाच्या देठांना घासत गेली, आणि बऱ्याच वेळाने मामांनी पाण्यात उतरून तिला दोन्ही हातांनी उचललं. हातभर लांब, सापासारखं डोकं, पाठीवर काळपट हिरवा रंग. मी तिचा आकडा काढला, ओल्या हातात थोडा वेळ धरलं आणि पाण्यात सोडून दिलं. आमच्या मंडळींत ती रीत आहे.

मामा पाहत राहिले. मग त्यांनी विचारलं, “सोडाचीच होती तं धरली कायले?”

हा प्रश्न मला पहिल्यांदाच कुणी इतक्या सरळपणे विचारला होता, आणि तो मला अगदी योग्य वाटला. मी म्हणालो, मला मासा पोटासाठी लागत नाही, पण तो कुठं राहतो, काय खातो, कधी वर येतो हे जाणून घ्यायला लागतो. तो पुन्हा पाण्यात गेला तर पुढच्या वर्षीही त्याला जाणता येईल. मामांनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, “आमी बी सोडतो भाऊ. पन आमी आधीच सोडतो. जाळ्याची आस मोठी ठेवतो. लहान मासोळी आपली आपन निघून जाते, तिले हात लागत नाई.”

मी त्या वाक्यावर फार विचार केला आहे. आम्ही मासा पकडून, दमवून, तोंडाला आकडा टोचून मग सोडतो. जाळं विणतानाच मोकळी आस ठेवणारा माणूस जीव वाचवायचं काम मासा दिसायच्याही आधी करून ठेवतो. आणि ही गोष्ट नवी नाही. फ्रान्सिस डे हे फौजेतले डॉक्टर, हिंदुस्थानातल्या माशांचे मोठे अभ्यासक. त्यांनी १८७३ च्या आपल्या अहवालात बारीक आसेच्या जाळ्यांनी आणि विषाने पिल्लांचा संहार होतो, याकडे सरकारचं लक्ष वेधलं होतं. १८९७ च्या मासेमारी कायद्याने पाण्यात स्फोटकं उडवायला आणि विष कालवायला बंदी घातली. ती बंदी आजही आहे. तरी शेतीच्या कीटकनाशकाची बाटली नाल्यात ओतून एका रात्रीत सगळा डोह उलटा करणारे लोक आहेत, असं मामा सांगत होते, आणि सांगताना त्यांचा आवाज चढला होता. पूर्वी काही ठिकाणी झाडाची साल कुटून टाकत. मासे गुंगत, थोड्या वेळाने पाणी पुन्हा साफ होई. आताचं औषध बेडूक, खेकडे, झिंगे, सगळ्यांना मारतं आणि गाळात बसून राहतं.

दुसऱ्या दिवशी त्याच तलावाच्या वरच्या अंगाला, जिथं येवा येऊन मिळतो, मला पाण्यावर लाल रंगाचा ढग फिरताना दिसला. वीतभर व्यासाचा, सतत हलणारा. जवळ गेलो तेव्हा कळलं, ती मरळीची पिल्लं होती, शेकडो, नारिंगी लाल रंगाची, एकत्र वर येऊन हवा घेणारी. त्यांच्याखाली मोठा काळा आकार सावकाश फिरत होता. मरळ पिल्लांना सोडून जात नाही. नर आणि मादी दोघंही राखण करतात, आणि जवळ येणाऱ्या कशावरही तुटून पडतात. अशा वेळी बेडूक टाकला तर ती भुकेने नाही, रागाने झडप घालते. धरणं अगदी सोपं. मामा हलक्या आवाजात म्हणाले की याला कुणी हात लावत नाही, आईबाप गेले की सगळी पिल्लं बाकीच्या माशांच्या पोटात जातात. संस्थेत तसा लेखी नियम नाही. तो सगळ्यांच्या अंगवळणी आहे. आम्ही काठी खाली ठेवून तिथंच पाळीवर बसलो, आणि पिल्लांचा तो ढग कमळांमधून पलीकडे जाईपर्यंत मामा मला इथल्या माशांबद्दल सांगत राहिले.

तलावाचा पैसा येतो तो कटला, रोहू आणि मृगळ यांच्यावर. हे मासे वाहत्या नदीत पुराच्या पाण्यात अंडी घालतात, बंद तलावात नाही. म्हणून दरवर्षी बीज विकत आणावं लागतं. १९५७ साली ओडिशात हिरालाल चौधुरी यांनी माशाच्या पिट्युटरी ग्रंथीचा अर्क टोचून या माशांना बंदिस्त पाण्यात अंडी घालायला लावलं, आणि देशभरातल्या तलावांचं गणित बदललं. १० जुलैचा मत्स्यशेतकरी दिन त्याचीच आठवण आहे. त्या शोधाने हजारो कुटुंबांना उत्पन्न दिलं, हे खरंच. पण विकतच्या बीजाला मोकळं पाणी हवं म्हणून तलावातली पाणवनस्पती काढली गेली, आणि तिच्या आडोशाने जगणारे गावठी मासे कमी होत गेले. भंडारा-गोंदियात मनीष राजणकर आणि त्यांच्या भंडारा निसर्ग व संस्कृती अभ्यास मंडळाने ढिवर मंडळींबरोबर अशा तलावांत जुन्या पाणवनस्पती पुन्हा लावायचं, बेशरमाची झुडपं उपटून काढायचं, गावठी मासा परत आणायचं काम बरीच वर्षं केलं आहे. त्यात मला सगळ्यांत मोलाचं वाटतं ते हे, की कोणती वनस्पती कुठं लावायची हे तिथल्या मासेमारांनी सांगितलं. मी ते मामांना सांगितलं तेव्हा त्यांनी लगेच विचारलं, कोणत्या वनस्पती, आणि त्या कुठून आणल्या? माझ्याकडे जेवढं होतं तेवढं मी सांगितलं. त्यांनी दोन नावं आपल्या बोलीत उच्चारून पाहिली आणि म्हणाले की त्यातली एक त्यांच्या लहानपणी या तलावात होती.

नदी पाहायला आम्ही अहेरीला गेलो. आलापल्लीहून अहेरी अगदी जवळ. प्राणहितेच्या काठावर पहाटे धुकं होतं आणि पलीकडचा तेलंगणाचा काठ दिसत नव्हता. डोंग्यात बसलो, सागाच्या नाही, दुसऱ्या कुठल्यातरी हलक्या लाकडाच्या, आतून कोरलेल्या. मामांचा पुतण्या बांबूने डोंगा ढकलत होता. नदी इथं रुंद आहे, मध्ये वाळूचे पट्टे, खडकांच्या रांगा, आणि खडकांच्या खाली डोह. खाडीत मला भरती-ओहोटी वेळ सांगायची. इथं वेळ सांगणारं काही नाही, तरी नदीला स्वतःची लय आहे. मामांनी मला ती काठीच्या टोकाने दाखवली. खडकाच्या मागे जिथं पाणी उलटं फिरतं, तिथं फेसाची रेघ उठते आणि तिच्यावर वाहून आलेले किडे जमतात. बारीक मासोळी त्या रेघेवर, आणि मोठी तिच्याखाली. वाळूच्या कडेला जिथं पाण्याचा रंग एकदम गडद होतो, तिथं शिंगाडा मासा तळाशी पडून राहतो. पाणकावळे ज्या डोहावर एका रांगेत पोहत मासे हाकतात, तिथं जाळं टाकायला घाई करायची नाही. पक्ष्यांचं काम झालं की मासे काठाला येतात. मी इतकी वर्षं पाणी वाचतो आहे, पण असं वाचणारा माणूस मला दुसरा भेटला नाही.

पुतण्याने जाळं फेकलं. फेकजाळं हवेत गोल उघडून पडताना त्याच्या काठाची शिसं एकाच वेळी पाण्याला लागली. वर ओढलं तेव्हा त्यात दोन वाम, एक मध्यम शिंगाडा, आणि ओंजळभर झिंगे होते. मी फेसाच्या रेघेवर अगदी लहान माशी सोडली, आणि बोटभर लांबीच्या चंदेरी मासोळ्या एकामागून एक तिच्यावर आल्या. किडे खाणाऱ्या या माशांना पिसांची माशी खरी वाटते, आणि ती घेताना त्या पाण्याबाहेर उडी मारतात. त्यांना सोडायचं मी म्हटलं नाही. मामींनी दुपारी त्यांचं लाल तिखटातलं कालवण केलं, सोबत भात.

झिंग्यांवरून गोष्ट निघाली. मामांच्या तरुणपणी पावसाळ्यानंतर इथं हाताच्या पंजाएवढे झिंगे मिळायचे. आता मिळतात ते बारीक. मला त्यामागचं कारण माहीत होतं, आणि ते सांगताना पहिल्यांदा माझं खाडीचं शिक्षण इथं कामाला आलं. गोदावरीतला मोठा झिंगा नदीत वाढतो, पण त्याची अगदी लहान पिल्लं खारट-गोड पाण्याशिवाय जगत नाहीत. ती समुद्राकाठच्या खाडीत वाढतात आणि तिथून प्रवाहाविरुद्ध चढत शेकडो किलोमीटर वर येतात. अहीर नावाचा सापासारखा मासा तर समुद्रात जन्मतो आणि नदीत वाढतो. गोदावरीच्या मुखाकडे लोक ज्याला पुलसा म्हणतात तो हिल्सा समुद्रातून अंडी घालायला नदीत शिरतो. १८५२ साली आर्थर कॉटनने धवळेश्वरमला गोदावरी अडवली, आणि समुद्राकडून येणाऱ्यांची वाट तिथंच अरुंद झाली. त्यानंतर वर एकेक अडथळा वाढत गेला. वैनगंगेवर गोसीखुर्द, ज्याची पायाभरणी १९८८ साली राजीव गांधींनी केली; सिरोंच्यासमोर, प्राणहिता-गोदावरी संगमाच्या थोडं खाली, २०१९ साली मेडीगड्ड्याचं बॅरेज. मेडीगड्ड्याच्या फुगवट्याने सिरोंचा तालुक्यातल्या शेतांत पाणी शिरू लागलं, आणि २०२३ च्या ऑक्टोबरात बॅरेजचे खांबच खचले. शेताचं नुकसान निदान पंचनाम्यात तरी येतं. माशांची वाट बंद झाल्याचं कुठंच येत नाही, आणि मला ते फार लागतं. बंगालच्या उपसागराच्या तोंडाशी जन्मलेला झिंगा अहेरीच्या खडकापर्यंत चढून यायचा, ही मला या नदीची सगळ्यांत थोर गोष्ट वाटते.

भामरागडला मी काठी न घेता गेलो. हेमलकशाच्या लोकबिरादरी प्रकल्पाला नमस्कार करून पुढे इंद्रावती, पर्लकोटा आणि पामुलगौतम यांच्या संगमावर पोचलो. पावसाळ्यात पर्लकोटेचा पूल पाण्याखाली जातो आणि गावाचा संपर्क तुटतो. तेव्हाची लाकडं अजून पुलाला अडकलेली होती. खालच्या उथळ पाण्यात माडिया बाया दगडांचा छोटा बांध घालून, टोपल्या लावून मासे धरत होत्या. एकीने वरून पाणी ढवळायचं, बाकीच्यांनी टोपल्या धरायच्या. बारीक मासे, खेकडे, काही झिंगे. त्यांचं काम पाहायला मी दूरच उभा राहिलो. मध्ये जाऊन विचारपूस करण्याची ती वेळ नव्हती.

परतीच्या वाटेवर, आलापल्लीच्या अलीकडे, ‘वनवैभव’ पाहिलं. सहा हेक्टरांचा राखलेला तुकडा. यातलं झाड तोडत नाहीत, वाळलेलंही उचलत नाहीत. २०१४ साली त्याला जैवविविधता वारसा स्थळ म्हणून जाहीर केलं, आणि सागाची उंची पाहायला मान किती मागे टाकावी लागते हे तिथं उभं राहिल्यावरच कळतं. तिथं मला एकच विचार सुचत होता. ज्या वनखात्याने अख्ख्या मुलखाचं लाकूड तोडलं, विकलं, रेल्वेने पाठवलं, त्यानेच सहा हेक्टर जसेच्या तसे ठेवले, म्हणून आज आपल्याला जुनं जंगल कसं होतं ते सांगता येतं. मग नदीचं असं वैभव कुठं आहे? प्राणहितेचा एखादा डोह असा राखलेला का नाही, की ज्यात जाळं नाही, गळ नाही, औषध नाही?

महाराष्ट्राला हे नवीन नाही. महाडजवळ वाळण कोंडला वरदायिनीच्या आशीर्वादाने महसीर राखलेले आहेत; वाड्याजवळ तिळशाला तिळसेश्वराच्या पायाशी वैतरणेत तसेच. तिथं लोक माशांना चुरमुरे टाकतात आणि कुणी गळ टाकत नाही. गडचिरोलीत तर देवाच्या जोडीला कायदाही आहे. २००६ च्या वनहक्क कायद्यात सामूहिक हक्कांच्या यादीत पाण्यातल्या माशांचा उल्लेख स्पष्ट आहे, आणि याच जिल्ह्यातल्या मेंढा (लेखा) गावाला २००९ साली देशात सगळ्यांत आधी सामूहिक वनहक्क मिळाला. ज्या ग्रामसभांनी बांबू आणि तेंदूपत्त्याचा कारभार स्वतः चालवून दाखवला, त्या एखादा डोह राखू शकणार नाहीत, असं मी मानायला तयार नाही.

निघायच्या आदल्या संध्याकाळी संस्थेची बैठक होती. सचिवांनी मला बोलायला सांगितलं, आणि मी हे सगळं सांगितलं: अहेरीच्या वरच्या खडकाखालचा तो एक डोह, चैत्र ते ज्येष्ठ, नदी आटलेली असताना जेव्हा मासे तिथंच दाटीने राहतात, तेवढे महिने जाळ्याशिवाय ठेवावा. मामा काही बोलले नाहीत. एका तरुण सभासदाने विचारलं की आम्ही नाही टाकलं आणि वरच्या गावच्यांनी येऊन टाकलं तर आमच्या पोटाचं काय. दुसऱ्याने त्याहून अवघड प्रश्न विचारला: नदी अर्धी तेलंगणाची आहे, पलीकडचे ऐकतील का? माझ्याकडे याचं उत्तर नव्हतं, पण एका बाईंकडे होतं. संस्थेच्या सभासद, पन्नाशीच्या. त्या म्हणाल्या, “माह्यी लेक दिली हाये पलीकडे. तिचा सासरा त्यायच्या सोसायटीत हाये. त्याले बोलावून घेऊ ना. बोलल्याबिगर नाई कसं म्हनता?”

त्यावर बरंच बोलणं झालं, मराठीत, तेलुगूत आणि अधूनमधून गोंडीत. विरोध मावळला नाही. सचिवांनी वहीत एवढंच लिहिलं की वरच्या दोन गावांच्या आणि पलीकडच्या संस्थेच्या लोकांना पुढच्या बैठकीला बोलवावं, आणि ती बैठक तेंदूपत्त्याचा हंगाम लागायच्या आत व्हावी, कारण एकदा पानं तोडायला माणसं जंगलात गेली की गावात कुणी सापडत नाही.